अर्धं जावळ

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत उमाशंकरचं लहान मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं विचारलं, "रंग पक्का हाय ना?" तर उमाशंकर म्हणायचा, "हाव." दुसरं गिऱ्हाईक म्हणालं, "पहिल्या धुण्यात थोडा उतरतच असंल की," तरी उमाशंकर म्हणायचा, "हाव." दोघंही समाधानानं पिशवी घेऊन जायची. धंद्यात याला गोड स्वभाव म्हणतात. दुकानासमोरच्या ओट्यावर मशीन टाकून खाजामियाँ बसायचे, गिऱ्हाइकांच्या पोरांच्या पॅन्ट आखूड-लांब करून द्यायचे. ते मात्र म्हणायचे की शेठच्या तोंडात अल्लानं एकच शब्द घातला आणि दुसरा घालायच्या आत त्याला कुणीतरी हाक मारली.

त्या दुसऱ्या शब्दाची गरज पहिल्यांदा पडली ती दवाखान्यात.

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्याच्या बायकोला, वर्षाराणीला, दोनदा दिवस राहून दोनदा गेले होते. तिसऱ्यांदा ती आत कळा देत होती आणि बाहेर बाकड्यावर उमाशंकरची आई, गुरम्मा, पदराचं टोक चावत बसली होती. गुरम्मा मूळची किल्लारीची, तिचा सगळा भार तिथल्या नीळकंठेश्वरावर. ती म्हणाली, "उमा, सगळं नीट झालं तर लेकराचं जावळ नीळकंठेश्वराला देते म्हणून बोलून राहिले. चालंल ना?" त्या घडीला कुणी दुकान लिहून मागितलं असतं तरी उमाशंकरला चाललं असतं. तो म्हणाला, "हाव, बोल." गुरम्मानं भिंतीवरच्या पंख्याकडं बघत हात जोडले.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. सासूबाई नीलम्मा लोह्याहून निघालेल्या. एसटी वाटेतल्या मालेगावला थांबली होती आणि त्यांनी खिडकीतूनच खंडोबाला हात जोडले होते. रडत रडत त्यांनी विचारलं, "जावईबापू, लेकराचं जावळ हितं खंडोबाला बोलू का?" उमाशंकर म्हणाला, "हाव मामी, बोला."

थोड्या वेळानं मुलगा झाला. धडधाकट, काळाभोर, आणि डोक्यावर एवढे केस की नर्सबाई म्हणाल्या, हा भांग पाडूनच आलाय. नीलम्मा पोचल्यावर दोन्ही आज्ज्यांनी आपापल्या देवाचं नाव घेऊन लेकराची दृष्ट काढली आणि उमाशंकरनं दोघींच्या हातचा पेढा खाल्ला.

आता जावळ म्हणजे लेकरानं पोटातून आणलेले केस. ते एकदाच येतात आणि एकदाच उतरतात. त्यात देव दोन झाले तर काय करायचं, याची सोय कुणी करून ठेवलेली नाही. पोराचं नाव महांतेश ठेवलं. त्याचं वर्ष भरत आलं तशी गुरम्मानं किल्लारीला जायला जीप सांगितली आणि त्याच आठवड्यात लोह्याहून फोन आला की मालेगावला पुरणाचा स्वयंपाक ठरलाय, जावयांनी शनिवारीच यावं. दोन्हीकडून एकमेकींना विचारणा झाली, "तुम्ही कुणाला इचारून बोललात?" दोन्हीकडून एकच उत्तर गेलं, "उमाशंकरला." उमाशंकर त्या वेळी दुकानात झबल्यांच्या घड्या घालत होता आणि बराच वेळ घालत राहिला.

पुढची तीन वर्षं या गोष्टीचा कीस पडला. गुरम्माचं म्हणणं, नीळकंठेश्वर म्हणजे साक्षात महादेव आणि खंडोबा त्याचा अवतार. मूळ मालक समोर बसलेला असताना त्याच्या शाखेत कुणी जातं का? नीलम्माचं म्हणणं, म्हाळसा आपल्याच लिंगायत वाण्याची लेक, म्हणजे खंडोबा आपला जावई, आणि जावयाचा मान सगळ्यांच्या आधी. यावर गुरम्मानं निरोप धाडला की लोह्यात जावयाला काय मान असतो ते आम्ही लग्नापासून बघून राहिलो. मग दिवाळीला लोह्याहून जावयाला नुसता टॉवेल आला.

महांतेशच्या डोक्यावरचे केस कुणासाठी थांबले नाहीत. ते मानेवर आले, खांद्यावर आले, पाठीवर आले. कात्री लावायची नाही, त्यामुळं घरातलं अर्धं काम त्या केसांचंच. लातुरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. गुरम्मा स्वतःच्या अंघोळीला लोटाभर पाण्यात आटपायची, पण देवाच्या केसांसाठी एक हंडा वेगळा झाकून ठेवायची. वर्षाराणी एका खाजगी शाळेत शिकवायची, तिला सकाळी लवकर निघावं लागे. गुरम्माला सुईएवढीही ऊ दिसत नव्हती. मग पोराच्या दोन वेण्या घालायचं काम उमाशंकरकडं आलं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नसतं, पण दिवसातला तेवढा एक तास त्याला फार आवडायचा. महांतेश दोन गुडघ्यांच्या मधे बसायचा, उमाशंकर तेल घालून गुंता सोडवायचा, आणि पोरगं विचारत राहायचं. पाल झोपेत भिंतीवरून पडत का नाही? टँकरला तहान लागली तर तो कुणाकडं जातो? खाजामियाँची मशीन टकटक करते तर दार कुणी का उघडत नाही? या प्रश्नांना 'हाव' म्हणून भागत नसे. उमाशंकरला खरं काहीतरी बोलावं लागे, आणि बोलताना त्याच्या लक्षात येई की आपल्याला बोलता येतं. ओढून केस तुटला तर महांतेश लगेच म्हणे, "दुखलं." हळू हाताला, "आता बरं." त्याच्या तोंडात जे यायचं ते सरळ आतूनच यायचं. उमाशंकरला त्याचं नवल वाटायचं. आपल्या घरात असं पोर कुठून आलं, असं तो कधी कधी त्या दोन वेण्यांच्या मधल्या भांगाकडं बघत बसायचा.

दुकानात मात्र गोष्ट वेगळी. एकदा औशाची एक बाई आली, म्हणाली, "माझी पोरगी हिच्याएवढीच हाय, हिला घालून दाखवा." आणि तिनं गुलाबी फ्रॉक पुढं केला. उमाशंकरनं तो महांतेशला घातला. महांतेशनं गोल फिरून दाखवलं आणि जाहीर केलं, "मी पोरगा हाय." बाई हसली, तिला वाटलं पोरगी लाडाची आहे. फ्रॉक खपला. खाजामियाँनी मशीन थांबवून एवढंच म्हटलं की शेठ, तुमचा पोरगा खरं बोलतो आणि तुम्ही माल विकता, दोघांचं जमून जाईल.

महांतेश चार वर्षांचा होऊन गेला तो उन्हाळा फार वाईट होता. मानेवर केसांच्या खाली घामोळं उठलं, त्याचे फोड झाले, फोडांना पू आला. पोरगं झोपेत मान घासायचं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण केस काढा आधी. त्यात शाळेच्या प्रवेशाला नेलं तर तिथल्या मॅडमनी महांतेशला दंडाला धरून मुलींच्या रांगेत उभं केलं. त्यानं दोनदा सांगितलं की तो पोरगा आहे. मॅडमनी ऐकलं नाही तेव्हा त्यानं चड्डी खाली करून विषय संपवला. प्रवेश मिळाला, पण जूनमध्ये केस कापून आणा, अशी अट पडली.

त्या दिवशी वर्षाराणी फोडांना मलम लावत होती. तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "मला तुमचा देव नको, माझ्या आईचापण नको. तुम्ही एकदा फक्त नाही म्हणा. दोघींपैकी कुणालाही म्हणा. तुमचा पोरगा बघून राहिला तुमच्याकडं."

उमाशंकर म्हणाला, "हाव."

आणि खरंच, मे महिन्यातल्या एका सकाळी त्यानं पोराचं बोट धरलं आणि कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसला. न्हाव्यानं खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकली, तिच्यावर महांतेशला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. पुढं आरसा, मागं आरसा. महांतेश खूश होऊन म्हणाला, "पप्पा, लई महांतेश हायत." न्हाव्यानं विचारलं, कसे कापायचे? महांतेश म्हणाला, "पप्पासारखे." उमाशंकरच्या डोक्यावर मधोमध चांगलं पटांगण पडलेलं होतं. न्हावी हसला, उमाशंकरही हसला. न्हाव्यानं वेणीची रिबन सोडली आणि कात्री उचलली.

तेवढ्यात फोन वाजला. दूधवालीनं जाता जाता घरी बातमी पोचवली होती. गुरम्मानं विचारलं, "कुठं हायस?"

"सलूनमधी."

"लेकरू संगं हाय?"

"हाव."

"त्याच्या केसाला हात लागला तर मी आत्ताच्या आत्ता किल्लारीला जाऊन बसते. माझ्या मौतीलाच ये मग."

उमाशंकर म्हणाला, "दाढी करायला आलोय, अव्वा."

मग फळीवरून महांतेशला उतरवलं आणि उमाशंकर बसला. दाढी त्यानं सकाळीच केली होती. न्हाव्यानं कोऱ्या गालावर फेस फासला आणि वस्तरा फिरवला. महांतेश बाकावर पाय हलवत बघत होता. रस्त्यात त्यानं विचारलं, "माझे कधी?" उमाशंकर म्हणाला, "उद्या." "नक्की?" "हाव." घरी दार उघडल्याबरोबर महांतेशनं आईला सांगितलं, "माझे उद्या." वर्षाराणीनं नवऱ्याच्या गुळगुळीत गालाकडं एकदा पाहिलं आणि भाकरी थापायला आत गेली. त्यानंतर बरेच दिवस महांतेश सकाळी उठल्यावर आधी विचारायचा की आज उद्या आला का.

शेवटी प्रकरण महादेवप्पांकडं गेलं. महादेवप्पा उमाशंकरचे थोरले चुलते. चाळीस वर्षं मोंढ्यात धान्याची आडत केली. रुमालाखाली बोटं दाबून सौदे पटवणाऱ्या पिढीतले. आडत मुलाकडं दिल्यावर रुमाल रिकामा राहिला, म्हणून ते समाजातली भांडणं मिटवायचे. वाटण्या असोत, बांध असो, सोडचिठ्ठी असो, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे आणि माल अर्धा अर्धा करायचे. आजवर त्यांच्या निवाड्यावर कुणी तक्रार केली नव्हती, कारण दोघांचंही सारखंच नुकसान व्हायचं.

त्यांनी गुरम्माला आतल्या खोलीत बसवलं, लोह्याहून आलेल्या नीलम्माला बाहेरच्या, आणि मधल्या दारातून ये-जा केली. देव एकच असला तरी नवस दोन आहेत, आणि नवस बुडवायचा नसतो, हे त्यांनी आधी दोघींकडून कबूल करून घेतलं. मग सौदा सुरू झाला. डोक्याचे दोन भाग. गुरम्मा म्हणाली, पहिला मान माझ्या देवाचा. नीलम्मा म्हणाली, मग उजवी बाजू माझी. गुरम्मा उजवी सोडायला तयार होईना, तेव्हा महादेवप्पांनी तिला समजावलं की पहिलेपण सोडलं तर उजवी मिळते, दोन्ही एका माणसाला देता येत नाही. तिनं पहिलेपण धरलं. महादेवाचा वार सोमवार, म्हणून किल्लारी सोमवारी. खंडोबाचा वार रविवार, म्हणून मालेगाव त्याच्या पुढच्या रविवारी. दोघींनी देवाला हात जोडले. मधले दिवस कुणीच मागितले नव्हते, म्हणून ते महांतेशच्या वाट्याला आले.

महादेवप्पांनी सगळ्यात शेवटी रिवाजाप्रमाणं विचारलं, "उमा, तुझी काही अडचण?"

महांतेश त्याच्या मांडीवर बसून बाकरवडीतला मसाला बोटानं काढत होता. दोन्ही खोल्यांच्या दारांतून दोन बायका बघत होत्या. वर्षाराणी चहाचे कप गोळा करता करता थांबली होती. तो दुसरा शब्द आतून वर येताना उमाशंकरला स्पष्ट जाणवला. तो थोडा अजून वर आला असता तर तोंडातून बाहेर पडला असता.

तो म्हणाला, "मला काय अडचण, अप्पा."

घरी येताना वर्षाराणीनं फक्त एक विचारलं. भांग कुणाच्या हद्दीत येतो, तेवढं ठरलं का?

सोमवारी जीप निघाली. केस कापायला जातोय म्हटल्यावर महांतेश अंधारातच उठून बसला होता. आज उद्या आला, असं त्यानं जीपमधल्या प्रत्येकाला सांगितलं. ड्रायव्हरला दोनदा सांगितलं. जावळ काढताना लेकराला मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, पण मामा लोह्याचा, तो किल्लारीच्या देवाला येणार नव्हता. तेव्हा उमाशंकरच मांडी घालून देवळासमोरच्या कडुलिंबाखाली बसला. महादेवप्पांनी अंगठ्याला विभूती लावून पोराच्या कपाळापासून मानेपर्यंत सरळ रेघ ओढली. गावातून बोलावलेल्या न्हाव्यानं ती रेघ बघितली, मग माणसांकडं बघितलं, आणि पुन्हा विचारून घेतलं की अर्धंच ना? महादेवप्पा म्हणाले, "रेघेच्या अलीकडं. पलीकडं दुसऱ्याचं हाय."

महांतेश हलला नाही. फोडांवरून वस्तरा गेला तेव्हा त्यानं "दुखलं" म्हटलं आणि पुन्हा ताठ बसला. डावीकडचे केस गुरम्माच्या पदरात पडत गेले. डोकं अर्धं गोरं झालं. न्हाव्यानं वस्तरा पुसून धोकटीत ठेवला, तेव्हा महांतेशला वाटलं तो विसरला. त्यानं अदबीनं सांगितलं, "काका, इकडचे राहिले."

सगळे हसले. वाईट मनानं नव्हे, लेकरू गोड बोललं म्हणून हसले. महांतेशनं हात वर नेला, एकीकडं कातडी लागली, दुसरीकडं वेणी. त्यानं पुन्हा सांगितलं, आता जरा मोठ्यानं. उमाशंकरनं त्याला उचललं तेव्हा त्यानं न्हाव्याच्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक धरून ठेवलं. "राहिले, पप्पा, राहिले." ते टोक सोडवायला दोन माणसं लागली. जीपपर्यंत तो बापाच्या छातीवर बुक्क्या मारत गेला. उमाशंकरनं मारू दिल्या. मारू देणं सोपं होतं.

मंगळवारी दिवसभर महांतेश दुकानात काउंटरच्या खाली, खोक्यांच्या मधे बसून राहिला. गुरम्मानं दिलेलं टोपरं उकाड्यानं टिकेना. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'हाफ चहा' ठेवलं. ती शटरशी येऊन ऑर्डर द्यायची, एक हाफ चहा द्या. उमाशंकर त्यांना हाकलायला उठायचा आणि त्यांच्यापैकी एकाचा बाप गिऱ्हाईक असायचा. खाजामियाँनी एकदा कात्री घेऊन ओट्यावरून उतरून विचारलं, "शेठ, एक मिनिट का काम है. वाकडं-तिकडं का होईना, कापून टाकू? नाव माझं सांगा." उमाशंकर कात्रीकडं बघत राहिला. मग म्हणाला की रविवार काही लांब नाही. खाजामियाँ परत जाऊन मशीनवर बसले.

बुधवारी रेणापूरचा एक माणूस मापाचा शर्ट शोधत खाली वाकला आणि त्याला खोक्यांत अर्धं डोकं दिसलं. तो एवढा हसला की त्याला टेकावं लागलं. मग त्याला वाईट वाटलं असावं, त्यानं खिशातून चॉकलेट काढलं. ते घ्यायला महांतेश बाहेर आला. चॉकलेट खाता खाता तो त्या माणसाच्या तोंडाकडं बारीक नजरेनं बघत होता. पुढच्या गिऱ्हाइकाला तो आपणहून दिसला.

शुक्रवारपर्यंत त्याला सगळं जमलं. डावा गाल पुढं करून म्हणायचं, "हा पोरगा." गर्रकन वळून उजवी वेणी पुढं घ्यायची, "ही पोरगी." मग मधे थांबून दोन्ही हात पसरायचे. कुठल्या बाईला आधी वेणी दाखवायची, कुठल्या म्हाताऱ्याला आधी टक्कल, हे तो माणूस उंबऱ्यात असतानाच ओळखायला लागला. लोक दुसऱ्यांना घेऊन यायचे. आलेलं माणूस रिकाम्या हातानं कसं जाईल? त्या आठवड्यात ऐन उन्हाळ्यात दुकानाला दिवाळीसारखी गर्दी झाली. उमाशंकर फ्रॉक काढून देत होता, चड्ड्या काढून देत होता, आणि मागं लोक हसत होते. थांबव म्हणून सांगायला तो दोनदा वळला. एकदा महांतेश हसत होता. दुसऱ्यांदा हसत नव्हता, पण समोरचा माणूस हसावा म्हणून हसायच्या तयारीत होता. दोन्ही वेळा उमाशंकर पुन्हा काउंटरकडं वळला.

महांतेशनं त्या आठवड्यात एकही प्रश्न विचारला नव्हता, हे उमाशंकरच्या लक्षात आलं ते रविवारी एसटीत.

मालेगावला सगळा थाट होता. मामा मांडी घालून तयार, नीलम्मा भंडाऱ्याची वाटी घेऊन उभी. न्हावी दुसरा होता, त्याच्या वस्तऱ्याला धार कमी होती, आणि उजवीकडचे फोड जास्त होते. उमाशंकरला रक्त लांबूनच दिसलं. महांतेश रडला नाही. तो भोवती उभ्या असलेल्या माणसांकडं एकेक करून बघत होता. केस उतरल्यावर डोक्यावर भंडारा फासला, तो फोडांना झोंबला असणार. नीलम्मानं त्याला कुशीत घेतलं आणि विचारलं, "किल्लारीला लई रडलास म्हणं माझ्या वाघा? हितं दुखलं का?"

महांतेश म्हणाला, "न्हाई. तिकडं दुखलं."

नीलम्मानं सगळ्यांकडं वळून बघितलं. जे काय समजायचं ते तिनं मांडवातल्या सगळ्यांना समजू दिलं आणि नातवाच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा कोंबला. जावयाला त्या दिवशी पूर्ण पोशाख मिळाला.

संध्याकाळी लातूरला गुरम्मा दारातच बसली होती. तिनं पिवळं डोकं हातात धरून चाचपलं, जखमा मोजल्यासारख्या केल्या आणि विचारलं, "त्या मालेगावच्या न्हाव्यानं ओरबाडलं का रे तुला?"

"हाव अव्वा. तिकडं लई दुखलं. किल्लारीला न्हाईच दुखलं."

गुरम्मानं त्याच्या दोन्ही कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तिचे डोळे भरून आले. देवाला सगळं कळतं, असं ती म्हणाली आणि त्याच्यासाठी शेवयाची खीर करायला उठली. वर्षाराणी दोन्ही ठिकाणी हजर होती. दोन्ही उत्तरं तिनं ऐकली होती. मलमाची ट्यूब नवऱ्याच्या हातात ठेवून ती कपडे बदलायला गेली.

दुसऱ्या दिवशी उमाशंकरनं दुकान लवकर उघडलं. शटर अर्धंच वर घेतलं. महांतेशला काउंटरवर बसवून तो त्याच्या डोक्याला मलम लावायला लागला. डोकं एवढंसं होतं. केसांच्या आत एवढंसं डोकं आहे, हे त्याला इतकी वर्षं कळलं नव्हतं. उजव्या बाजूला तीन ठिकाणी कापलं होतं. बोट टेकलं की कातडी थरथरायची, पण पोरगं समोर बघत गप्प बसलं होतं. बाहेर खाजामियाँ मशीनला तेल घालत होते. गिऱ्हाईक अजून कुणी नव्हतं.

उमाशंकरनं विचारलं, "महांतेश, लई दुखलं का रे? खरं सांग."

महांतेशनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. भुवया, डोळे, मग ओठ, असं सगळं नीट पाहिलं. मग बाहेर खाजामियाँ ऐकत नाहीत ना ते बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुणाला सांगायचंय?"

"कुणालाच न्हाई. मला सांग."

"तुम्हाला?"

"हाव. मला."

महांतेशनं थोडा विचार केला. बापाच्या गालावर हात ठेवून तो म्हणाला, "मग न्हाई दुखलं, पप्पा."